आजोबांचा सॅचेल पेज आणि वीस डॉलरचे स्टब्ज

आज सकाळी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने माझ्याकडे वीस डॉलर मागितले. 'एमएलबी द शो' या बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये 'स्टब्ज' नावाचे चलन असते, ते खऱ्या पैशांनी विकत घेता येते, आणि त्यातून खेळाडूंची कार्डे घेऊन स्वतःचा संघ उभा करता येतो. तिला तसा संघ हवा होता. मी सहज विचारले, "अगं, तुझ्याकडे आजोबांचा सॅचेल पेज आहे ना?" त्यावर ती म्हणाली, "आई, तो जुन्या गेममधला. नव्यात सगळं पहिल्यापासून जमवायचं असतं." एवढे बोलून ती दप्तर घेऊन बसकडे पळाली, आणि मी दिवसभर त्या एका वाक्यावर अडून राहिले. 'आजोबांचा पेज' म्हणजे सॅचेल पेज या जुन्या काळ्या बेसबॉल गोलंदाजाचे गेममधले कार्ड; पण ते आजोबांचे कसे, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसणार, म्हणून ती हकिकत आधी सांगते. या गेमविषयी माझे जे काही बरेवाईट मत आहे, ते त्या हकिकतीतूनच बनलेले आहे.

2023 च्या उन्हाळ्यात माझे बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. सांगलीत त्यांनी कितीतरी वर्षे क्लबच्या सामन्यांना पंच म्हणून काम केले. विजय हजाऱ्यांच्या गावचा माणूस असल्याचा अभिमान त्यांच्या बोलण्यात आजही असतो. ज्यांचे आईवडील असे सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना वेगळे सांगायला नको, की दुपारी घरात एकटे बसलेले वडील पाहणे किती जड जाते. टीव्हीवर बेसबॉल लागायचा, बाबा पाहायचे आणि वैतागायचे. फलंदाज फटका मारत नाही, तरी लोक टाळ्या का वाजवतात, हे त्यांना कळत नसे. मी समजावून पाहिले, पण मलाच तो खेळ नीट येत नव्हता.

त्यांना बेसबॉल शिकवला तो या गेमने, आणि त्यांच्या नातीने, जी तेव्हा तिसरीत होती. तिने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि फलंदाजीची सर्वांत सोपी पद्धत निवडून दिली, जिच्यात चेंडू आला की योग्य क्षणी फक्त एक बटण दाबायचे असते. ती स्वतः मात्र अवघड पद्धत वापरायची. त्या पद्धतीत कंट्रोलरच्या डाव्या काडीने (स्टिकने) बॅटचे लक्ष्य चेंडूच्या जागी न्यावे लागते आणि त्याच वेळी वेळही साधावी लागते. एकाच गेममध्ये सत्तरी ओलांडलेला माणूस आणि आठ वर्षांची मुलगी आपापल्या कुवतीने शेजारी बसून खेळू शकतात, ही मला या गेमची फार मोठी गोष्ट वाटते. गोलंदाजीचेही तसेच आहे. ज्याला हवे त्याने नुसते बटण दाबावे, आणि ज्याला मेहनत करायची आहे त्याने 'पिनपॉइंट' घ्यावी, जिच्यात प्रत्येक प्रकारच्या चेंडूसाठी उजव्या काडीने हवेत वेगळी आकृती गिरवावी लागते आणि हात जरा चुकला तरी चेंडू नको तिथे जातो.

पहिले तीन-चार दिवस बाबा प्रत्येक चेंडूला बॅट फिरवून बाद होत होते. मग एका दुपारी त्यांनी एक चेंडू मुद्दाम सोडला, पडद्यावर 'बॉल' अशी अक्षरे आली, आणि ते मला हाक मारून म्हणाले, "अगं, इथे यष्ट्या हवेत आहेत!" त्या क्षणी त्यांना स्ट्राइक झोन समजला, म्हणजे फलंदाजासमोरची ती न दिसणारी चौकट, जिच्याबाहेरचा सोडलेला चेंडू 'बॉल' ठरतो. पुढे ते प्रत्येक सोडलेल्या चेंडूवर पंचाचा निर्णय काय येतो हे पाहायचे, आणि गेममधला पंच कडेच्या चेंडूवर कधी कधी चुकतो, हे लक्षात आल्यावर त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. चुकणारा पंच ज्यांनी गेममध्ये घातला त्यांना खेळ कळतो, असे ते म्हणाले, आणि त्यांचे ते म्हणणे मला आजही पटते. साठ फूट सहा इंचांवरून येणारा चेंडू, जो फलंदाजापर्यंत पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ घेतो, तो सोडायचा की खेळायचा हे ठरवण्यातच हा सगळा खेळ आहे. ही गोष्ट कोणतेही समालोचन ऐकून कळली नसती. हातात कंट्रोलर आला तेव्हा ती कळली.

आता पेजची गोष्ट. त्या वर्षीच्या आवृत्तीत निग्रो लीगच्या, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगच्या, खेळाडूंच्या कथा पहिल्यांदाच आल्या होत्या. कॅन्सस सिटीमधल्या निग्रो लीग बेसबॉल संग्रहालयाचे अध्यक्ष बॉब केंड्रिक पडद्यावर येतात, एखाद्या मुरलेल्या कीर्तनकारासारखे प्रसंग उभा करतात, आणि कथा ऐन भरात आली की सामना तुमच्या हातात देतात. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगची, म्हणजे मेजर लीगची, दारे बंद होती. 1920 साली कॅन्सस सिटीमध्ये रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने निग्रो नॅशनल लीग उभी राहिली. पुढे 1947 च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले, तेव्हा ती भिंत फुटली. सॅचेल पेज यांना मोठ्या लीगमध्ये यायला 1948 साल उजाडले, आणि तेव्हा त्यांचे वय 42 होते. म्हणजे ज्या वयात गोलंदाज निवृत्त होऊन बसतो, त्या वयात या माणसाला 'नवोदित' म्हणून आत घेतले.

बाबा ते सारे न बोलता ऐकत होते. नात भाषांतर करत होती, जमेल तसे. पेज यांचे बेचाळीसावे वर्ष आले तेव्हा बाबांनी हातानेच तिला थांबवले आणि म्हणाले, "हा तर आपला पळवणकर बाळू." मग त्या संध्याकाळी गेम तसाच थांबवून त्यांनी तिला बाळूंची गोष्ट सांगितली. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखणारा, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकणारा पोरगा. हिंदूंच्या संघात घेतला तोही त्याच्या फिरकीवाचून अडत होते म्हणून. मैदानावर सर्वांच्या बरोबरीचा, पण चहाच्या वेळी पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला, तरी हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते 1923 साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. माझ्या मुलीने हे नाव त्याआधी ऐकले नव्हते. मी तिला सांगायला हवे होते, आणि ते मी केले नव्हते. अमेरिकेतल्या एका व्हिडिओ गेमच्या निमित्ताने ते आमच्या घरात आले.

दोन्ही इतिहास सारखे नाहीत, वंश आणि जात यांची गल्लत करू नये, हे कोणीतरी इथे लिहीलच, आणि ते बरोबर आहे. पण पॅव्हेलियनबाहेरचा चहा ज्याला समजतो, त्याला पेज यांची वाट पाहणे समजायला भाषांतर लागत नाही.

त्या दिवसापासून तो खेळाडू आमच्या घरात 'आजोबांचा पेज' झाला. त्या कथा खेळून पूर्ण केल्या की त्या खेळाडूंची कार्डे बक्षीस मिळत, त्यामुळे तिच्या संघात पेज आले ते फुकट, एक पैसाही न देता, आजोबांच्या शेजारी बसून मिळवलेले.

म्हणून आज सकाळचे ते वाक्य मला इतके लागले. कार्डे जमवून संघ उभा करायच्या 'डायमंड डायनेस्टी' नावाच्या विभागात दरवर्षी सगळे पुसून नव्याने सुरुवात होते. मागच्या आवृत्तीत जमवलेली कार्डे, दिलेले तास, आणि कोणी पैसे दिले असतील तर ते पैसेही तिथेच राहतात. पुढच्या वर्षी सुमारे सत्तर डॉलरचा नवा गेम घ्यायचा आणि तीच माणसे पुन्हा जमवायची. मला हे मनापासून अन्यायाचे वाटते. ज्या गेमने एका लेकराला शिकवले, की माणसांना त्यांची जागा नाकारली गेली होती आणि त्यांची आठवण जपणे आपले काम आहे, तोच गेम त्याच माणसांच्या डोक्यावर 'ओव्हरऑल' नावाचा, एकूण गुणवत्तेचा आकडा लावतो. हंगाम पुढे सरकतो तशी अधिक आकड्यांची कार्डे येत राहतात आणि पूर्वीची बाकावर जाऊन बसतात. उघड्या डोळ्यांनी बाजार मांडला आहे, आणि गिऱ्हाईक म्हणून अकरा वर्षांची मुले धरली आहेत. त्यांना कार्डांचे पाकीट फोडायची चटक लावायची, आत कोण निघेल हे सांगायचे नाही, आणि याला खेळ म्हणायचे! आपल्या लहानपणी जत्रेत चिठ्ठी काढायला लावणारे बसायचे, त्यांच्याकडे जायला आईवडील हात धरून मनाई करायचे, ती मनाई योग्यच होती.

पैसे न घालताही बहुतेक सगळी कार्डे खेळून मिळवता येतात, आणि इतर खेळांच्या गेमच्या मानाने इथे हात बराच सैल आहे, हे मला मान्य करावे लागते. माझी मुलगी आजवर तशीच खेळत आली आहे. पण तेवढा वेळ शाळकरी मुलाने दररोज द्यायचा की काय, हाही प्रश्न उरतोच.

आणि या विभागाच्या मागे लागून त्यांनी बाकीच्या घराकडे किती दुर्लक्ष केले आहे! संघ हातात घेऊन वर्षानुवर्षे चालवायचा 'फ्रँचायझी' नावाचा विभाग हा बाबांच्या सर्वांत आवडीचा होता, कारण त्यात घाई नसते. एके काळी एका वर्षीचा सुरू असलेला डाव पुढच्या वर्षीच्या गेममध्ये नेता येत असे; ती सोय काढून टाकली. मित्रांनी मिळून ऑनलाइन फ्रँचायझी चालवायची सोय 2018 च्या आवृत्तीत गेली. धावा, झेल, फेक यांच्या हालचाली वर्षानुवर्षे त्याच दिसतात, समालोचक तेच वाक्य आठवड्यात पाच वेळा म्हणतात. सुधारणा करायला कोणी भाग पाडत नाही, कारण स्पर्धाच उरलेली नाही. 2013 नंतर टू-के कंपनीची बेसबॉल मालिका बंद झाली आणि हुबेहूब बेसबॉल खेळायचा तर हाच एक गेम शिल्लक राहिला. पुण्यात माझा भाचा संगणकावर गेम खेळतो, त्याला हा खेळताच येत नाही. 2006 पासून ही मालिका सुरू आहे, 2021 मध्ये ती एक्सबॉक्सवर आणि पुढच्या वर्षी निन्टेन्डो स्विचवर गेली, पण संगणकावर आजतागायत आलेली नाही. आपल्याकडे किती मुले कन्सोल घेऊ शकतात? बेसबॉल जगभर न्यायचा आहे असे म्हणायचे आणि दार इतके अरुंद ठेवायचे, याचा मला राग येतो.

इतके लिहून मी उठले आणि चहा टाकला. आता जरा शांतपणे लिहिते.

बाबा परत जायच्या आधीच्या एका शनिवारी आम्ही पॅटरसनला गेलो होतो. आमच्या घरापासून ते फार लांब नाही, आणि इतकी वर्षे इथे राहून मी तिथे फक्त धबधबा पाहायला गेले होते. त्या धबधब्याच्या अगदी शेजारी हिंचलिफ स्टेडियम आहे. न्यूयॉर्क ब्लॅक यँकीज तिथे खेळत असत, निग्रो लीगची जी थोडी मैदाने आज उभी आहेत त्यांतले ते एक आहे, आणि कित्येक वर्षे पडीक राहिल्यानंतर त्याच वर्षी, 2023 च्या मे महिन्यात, ते दुरुस्त होऊन पुन्हा उघडले होते. त्याच पॅटरसनमध्ये वाढलेले लॅरी डोबी पुढे 1948 साली क्लीव्हलँडच्या संघात सॅचेल पेज यांच्यासोबत जगज्जेते झाले, हेही मला माझ्या मुलीनेच सांगितले. बाबा कठड्याला धरून उभे राहिले आणि बराच वेळ मैदानाकडे पाहत राहिले. मग नातीला म्हणाले, "पंच कुठे उभा राहतो, ते दाखव." तिने घरातल्या पडद्यावर पाहिले होते तसे बरोबर कॅचरच्या मागची जागा बोटाने दाखवली. तो गेम आमच्या घरात नसता, तर आम्ही त्या दिवशीही धबधबा पाहून परतलो असतो.

त्यामुळे हा गेम घरातून काढून टाका असे जे म्हणतात, त्यांच्या बाजूने मी उभी राहू शकत नाही. 2024 च्या आवृत्तीत निग्रो लीगचे फलंदाज जॉश गिब्सन आणि टोनी स्टोन यांच्या कथा आल्या. 1953 साली पुरुषांच्या निग्रो लीग संघात नियमित खेळलेली स्टोन ही बाई, तिची कथा माझ्या मुलीने एका बैठकीत संपवली, आणि त्याच आवृत्तीत पहिल्यांदा कारकीर्द घडवताना मुलगी खेळाडू म्हणून निवडता आली. गिब्सन 1947 च्या जानेवारीत वारले, रॉबिन्सन मैदानात उतरायच्या तीन महिने आधी. मे 2024 मध्ये निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत धरले गेले आणि फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन सर्वांत वर आले, तेव्हा आमच्या घरात ती बातमी कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

हे लिहीत असतानाच बाबांचा व्हिडिओ कॉल आला. सांगलीत सकाळ झाली होती. मुलगीच बोलत होती, मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "पेज कसा आहे?" ती थोडी थांबली आणि म्हणाली, "आजोबा, तो मागच्या गेममध्ये राहिला." बाबा म्हणाले, "बरं. मग मला त्याची ती म्हातारपणची गोष्ट सांग, मी विसरत चाललोय." ते विसरलेले नाहीत, मला ठाऊक आहे. तिने सांगितली. 1965 साल, कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सचा संघ, 59 वर्षांचे पेज झुलत्या खुर्चीत बसलेले, आणि मग उठून टाकलेले तीन डाव, ज्यांत बॉस्टनला एकही धाव मिळाली नाही. मराठीत शब्द अडले तिथे इंग्रजी घालून, पण एकही तपशील न चुकता तिने सगळे सांगितले. शेवटी बाबांनी विचारले, "आणि बाळू?" त्यावर ती त्यांना बाळूंची गोष्ट सांगू लागली.

वीस डॉलर मी दिलेले नाहीत. उद्या तिने पुन्हा विचारले तर काय सांगायचे ते मी ठरवले आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी हा गेम आहे त्यांनी काय केले, ते खाली जरूर लिहा.