आधार दाखवायलाच पाहिजे असं कुठाय?

वर एकानी लिहिलंय की पोलिसांनी मागितलं की आधार दाखवावंच लागतं नाहीतर आत टाकतात. तसं नाहीये ओ! रस्त्यानी चालताना ओळखपत्र खिशात पाहिजेच असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. गाडी चालवत असाल तर वेगळं, मोटार वाहन कायदा कलम 130, युनिफॉर्ममधल्या पोलिसानी मागितलं की लायसन्स दाखवायचं, डिजिलॉकरमधलं पण चालतं. मात्र पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्यात एरवी वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असा) केला आणि नाव-पत्ता सांगितला नाही किंवा खोटा वाटला तर अटक करू शकतात, आधी सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 42 होतं, जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 39. बाकी रात्री नाक्यावर हवालदाराशी कलमांवरून हुज्जत घालायची की नाही ते ज्याचं त्यानी बघावं, मी तर नाव सांगून निघतो.