थप्पी, कंबर आणि कळमन्याचे भाऊ

भाऊ, मागच्या लेखात मी लिहिलं होतं, ओझं उचलताना गुडघे वाकवा आणि पोत्यांची थप्पी फार उंच लावू नका. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "नागपूरला कळमन्यात आमचं गोदाम आहे. हमाल तीस वर्षांपासून पोती वाहतात, कोणी गुडघे वाकवत नाही, कोणाची कंबर गेली नाही. आणि थप्पी उंच नाही लावली तर माल ठेवायचा कुठे? पंख्याखाली बसून नियम लिहिणं सोपं असते साहेब."

पंखा आहे, कबूल. मे महिन्यात नागपूरजवळच्या हिंगण्याच्या पत्र्याखाली तो गरम हवाच फिरवतो, ते सोडा.

गुडघ्यांचं मी जरा जास्तच ताणलं होतं. पण तुमचे हमाल पोतं कुठून घेतात, एकदा बघा. ट्रकचा फाळका पडला की वरचे दोघं पोतं कडेला सरकवतात, खालचा पाठ देतो आणि ओझं त्याच्या मणक्याला चिकटूनच बसतं. जमिनीवरून तो उचलतच नाही! आम्ही पोस्टरवर "ओझं अंगाजवळ ठेवा" लिहितो, ते त्याला केव्हाचं ठाऊक आहे.

हिशोब साधा आहे, तरफेचा. कंबरेचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंमीवर. 25 किलोचं खोकं 50 सेंमी लांब धरलं तर स्नायूंवर अडीचशे किलोचा ताण, 20 सेंमीवर आणलं तर शंभर. धडाचं वजन वेगळंच. माझी स्वतःची कंबर गेली ती 12 किलोच्या खोक्यानं. पाय जागेवर, नुसता कंबरेतून वळून मागच्या रॅकवर ठेवत होतो. तीन आठवडे आडवा.

"कोणाची गेली नाही" हे मात्र पटत नाही. रोजंदारीवाला कंबर गेली म्हणून सांगायला येत नाही, गावी जातो. मुकादम दुसरा माणूस आणतो. पन्नाशीनंतर पोतं वाहणारे तुमच्याकडे किती आहेत, मोजून पाहा.

आता थप्पी. सिमेंटसाठी भारतीय मानक 4082 म्हणतं, 10 गोण्यांच्या वर जाऊ नका. 8 च्या वर गेलात तर एक थर उभा, एक आडवा लावा. एका गोदामात मी 14 थर पाहिले, सगळे एकाच दिशेनं. जुना माल आधी काढायचा म्हणून एकानं खालून गोणी ओढली. आवाज नाही काही. आधी धूळ उठली, मग थप्पी बसली. माणूस उडी मारून सुटला, त्याची एक चप्पल संध्याकाळपर्यंत खालीच होती.

तुरीच्या पोत्यांना हा सिमेंटचा आकडा जसाच्या तसा लावा असं मी म्हणत नाही. तागाचा बारदाना, म्हणजे पोत्याचं कापड, एकमेकाला धरून राहतो, प्लास्टिकचा घसरतो. तुमच्याकडे कोणता आहे, किती थर लावता आणि उतरवताना वरून पायरीपायरीनं उतरवता की खालून ओढता, तेवढं सांगा.