सुया ठीक, पण थेंब?

एका लेखात म्हटलंय की काचबिंदूत गेलेली नजर ॲक्युपंक्चरने परत येते. आमच्या मामांनीही हेच ऐकून सुया सुरू केल्या. भुवईपाशी, पायाच्या अंगठ्याजवळ, एका वेळी दहा-बारा. झोप मात्र छान लागायची म्हणे! पण 'आता बरं वाटतंय' म्हणत डोळ्याचा दाब आटोक्यात ठेवणारे रात्रीचे थेंब सोडले आणि चार महिन्यांत तो दाब 17 वरून 28 वर गेला. अहो, काचबिंदूत डोळ्यामागची नसच वाळते, ती पुन्हा पालवत नाही. थेंब फक्त उरलेली नजर राखतात. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या 2013 च्या आढाव्यातही सुयांच्या बाजूने ठोस पुरावा सापडला नव्हता. मामा हल्ली जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपतात. सुया चालू आहेतच, थेंबांची बाटली मात्र आता मामी उशाशी ठेवते.