तासाभराची व्हीलचेअर

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ३ डिसेंबरला, अपंग दिनानिमित्त, ‘एक तास व्हीलचेअरवर’ असा उपक्रम झाला. भाड्याने दोन खुर्च्या आणल्या, पार्किंगमध्ये खडूने रेषा आखल्या आणि कमिटीच्या मंडळींनी आळीपाळीने फेऱ्या मारल्या. मुलांच्या डोळ्यांवर ओढण्या बांधून त्यांना जिन्यापर्यंत चालवलं. इथे इंग्लंडात, लीड्समध्ये, सकाळी सहाला फोन उघडला, तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटोच फोटो. खाली सेक्रेटरींचं वाक्य: ‘किती लाचार जिणं असतं हे आज कळलं. देवाने आपल्याला धडधाकट ठेवलं, त्याचे आभार.’ त्यावर सगळ्यांचे जोडलेले हात.

मला राहवलं नाही. ‘याने फायदा नाही, तोटाच होतो,’ असं लिहिलं. लगेच एकाने म्हण फेकली: जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. अहो, वंशा! तो काय तासाच्या भाड्याने मिळतो? दुसऱ्याने ठेवणीतलं काढलं: ‘तिकडे बसून बोलायला काय जातंय!’

तिकडे बसून मी निदान वाचतो तरी. अमेरिकेतल्या एरिअल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ साली छापून आला. ज्यांना पट्टी बांधून फिरवलं, त्यांना अंध माणसं नोकरी करायला आणि स्वतंत्र राहायला कमी लायक वाटू लागली. पट्टी न बांधलेल्यांपेक्षाही कमी! साहजिक आहे. पट्टीने कळतात ती आंधळेपणाची पहिली दहा मिनिटं: धडपडणं, घाबरणं. पांढरी काठी सरावाची झालेला, स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर भराभर मेल वाचणारा माणूस त्यात कुठेच नसतो. शिवाय सगळा दोष डोळ्यांवर आणि पायांवर जातो. पायऱ्या सुटतात.

उदाहरण म्हणून मी आमच्या वेदरबी-लीड्स बसची गोष्ट टाकली. फेब्रुवारी २०१२. डग पॉली व्हीलचेअरवरून चढायला गेले, तर त्यांच्या जागेत एका बाईची बाबागाडी, बाळ झोपलेलं. ड्रायव्हरने विनंती केली, बाई हलल्या नाहीत. पॉलींची ती बस गेली आणि लीड्सहून पुढची ट्रेनही. ते कोर्टात गेले ते थेट सुप्रीम कोर्टापर्यंत. जानेवारी २०१७ मध्ये निकाल लागला की नुसती एकदा विनंती करून ड्रायव्हरला हात झटकता येणार नाहीत. त्यासाठी कोणालाही पट्टी बांधून बसमध्ये चढवावं लागलं नाही, हे मी जरा ठसक्यातच लिहिलं.

एक गोष्ट लिहिली नाही. आमच्या इथल्या ऑफिसातही हाच खेळ झालाय. पट्ट्या बांधून सँडविचं खाल्ली, खूप हसलो. मी गप्प होतो, फोटोतही आहे. ब्राउन माणसाने एचआरला शिकवायचं, तेवढी माझी छाती नाही. कोथरूडमध्ये असते.

रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा मेसेज आला, वेगळा, फक्त मला. त्या बारा वर्षं व्हीलचेअर वापरतात. उपक्रमाला त्यांना बोलावलं होतं, बक्षीस द्यायला.

‘छान लिहिलंत. पण बसची गोष्ट तिथलीच का? राजीव रतुरींनी २००५ मध्ये याचिका केली, नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारक हवेत. तेही स्वतः अंध आहेत. असो. आमच्या रॅम्पचं काय? लिफ्टपर्यंत पाच पायऱ्या, म्हणजे पाऊण मीटर. एकास बारा उतार धरला तर नऊ मीटर लागतात. तुमची पार्किंगची जागा जाते. संमतीचा फॉर्म जूनमध्ये पाठवला होता.’

फॉर्म मिळाला होता. गाडी मी २०११ मध्येच विकली, भाडेकरूची स्कूटर बाहेर असते. जागा रिकामी आहे. फोटो पुन्हा मोठे करून पाहिले: खडूच्या रेषा माझ्याच जागेत आखलेल्या.

पण परत आलो तर गाडी कुठे लावायची? हा प्रश्न मी गेली चौदा वर्षं जपून ठेवलाय. सदनिका विटांची आहे, ती विकता येते. ती जागा म्हणजे मी अजून तिथला आहे, याची पावती. ताईंना हे कसं लिहिणार?

‘ताई, महिनाअखेरीस येतोय, तेव्हा बसून बोलू,’ एवढं लिहिलं. तिकीट काढलेलं नाही.