‘तिकडे एकच बटण असतं, हो ना गं आत्या?’

मंगळवारी सकाळी इथे इंग्लंडमध्ये कचऱ्याच्या बिन्स बाहेर लावून आत आले, तर घरच्या ग्रुपवर सत्तावन्न मेसेज. गिरगावात दुपारची जेवणं उरकली होती आणि भांडण रंगात आलं होतं.

सुरुवात भाच्यानं केली. तो रोज गिरगाव स्टेशनवरून मेट्रो पकडून बीकेसीला जातो. त्याचं म्हणणं असं की पोलिसांचं वायरलेस वेगळं, अग्निशमन दलाचं वेगळं, १०८ची अ‍ॅम्ब्युलन्स वेगळी, रेल्वे आणि मेट्रो आणखी वेगळी. सगळ्यांना एकाच पद्धतीचे सेट द्यायला काय हरकत आहे? इथवर ठीक. पण पुढे त्यानं लिहिलं, ‘लंडनमध्ये एक बटण दाबलं की तिघंही एका चॅनलवर. हो ना गं आत्या?’

त्यावर मामा. चौतीस वर्षं अग्निशमन दलाच्या भायखळ्याच्या कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस. ‘एकाच चॅनलवर सगळे म्हणजे मासळीबाजार भरवायचाय का? आणि आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे.’ खाली चार अंगठे आणि एक गणपती.

मला दोघांचाही राग आला. मामांचा जास्त, कारण त्यांना चांगलं माहीत आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मोबाईल मुके झाले होते. पुढच्या वर्षी ११ जुलैला अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा मी इथे ऑफिसच्या जिन्यात उभी राहून दादाचा नंबर लावत होते. लागतोय कुठला! संकटात सगळं शहर एकाच वेळी फोन उचलतं, आणि त्याच जाळ्यावर बंबवाल्यानं आपला नंबर लागायची वाट बघायची? शिवाय फोन दोघांचा असतो. वायरलेसवर एक बोलतो आणि सगळी टोळी ऐकते, आणि कधीकधी तेवढ्यानंच माणसं वाचतात.

मग मी लांबलचक उत्तर लिहिलं. इथे पोलीस, फायर आणि अ‍ॅम्ब्युलन्स तिघंही एअरवेव्ह नावाच्या जाळ्यावर असतात, ते टेट्रा पद्धतीचं डिजिटल जाळं आहे, ज्याचा-त्याचा टॉकग्रुप, म्हणजे आपापसात बोलायचा गट, वेगळा, त्यामुळे मासळीबाजार होत नाही आणि गरज पडली तर सामाईक ग्रुपवर येता येतं. वर ‘मीथेन’ही शिकवलं, म्हणजे दुर्घटनेची खबर कोणत्या क्रमानं द्यायची त्याची इंग्रजी आद्याक्षरं. मी एका हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे, आम्हालाही ते दरवर्षी घोकावं लागतं. मोठी दुर्घटना जाहीर केली का, नेमकी जागा, प्रकार, धोके, आत जायची वाट, जखमी किती, कोण आलंय आणि कोण हवंय. तिन्ही दलांचे लोक याच क्रमानं सांगतात. शेवटी लिहिलं, ‘आमच्याकडे हे असं असतं.’

मामांचं एका ओळीचं उत्तर आलं. ‘आमच्याकडे म्हणजे कुठे गं, सुमे?’

फोन उलटा करून ठेवला. चहा केला. तो प्याले नाही.

खरं सांगायचं तर मी सोयीचं तेवढंच लिहिलं होतं. १९८७ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस या भुयारी स्टेशनात आग लागून ३१ माणसं गेली. चौकशीत सांगितलं गेलं की जमिनीखाली सगळ्या दलांचे रेडिओ चालायला हवेत. २००५च्या ७ जुलैला भुयारी गाड्यांत बॉम्ब फुटले, तेव्हा खाली रेडिओ चालत होते ते फक्त ट्रान्सपोर्ट पोलिसांचे, म्हणजे इथल्या रेल्वे पोलिसांचे. बाकीच्यांचे निरोप माणसं जिन्यांवरून पळत नेत होती. अठरा वर्षांनंतर! त्या संध्याकाळी मी ऑफिसच्या बुटांत हॉलबर्नपासून वेम्बलीपर्यंत चालत आले. एकोणीस दिवसांनी मुंबई बुडाली. दोन्ही वेळा ‘सुखरूप आहे’ एवढाच निरोप हवा होता. एकदा तो मी देत होते, एकदा मागत होते.

मँचेस्टरचं तर मी लिहिलंच नाही. २२ मे २०१७, अरीनातला बॉम्ब, २२ मृत्यू. तोवर सगळ्यांच्या हातात एकाच जाळ्याचे सेट होते. फायर स्टेशन एक किलोमीटरच्या आत, आणि तिथल्या जवानांनी स्फोट स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तरी ते दोन तासांनंतर आत पोहोचले. त्यांच्या अधिकाऱ्यानं त्यांना आधी लांब एका ठिकाणी जमायला सांगितलं, कारण पोलिसांच्या ड्युटी अधिकाऱ्याचा फोन सतत एंगेज लागत होता. सामाईक ग्रुप वापरायला हवा तसा वापरलाच गेला नाही. आणि एअरवेव्हच्या जागी ४जीवरचं नवं जाळं यायचं होतं, त्याचे ठेके २०१५ला दिले. अजून जुनेच सेट खांद्यावर आहेत.

म्हणून भाच्याला सांगावंसं वाटतं, बटण विकत मिळतं रे. २०१९ला सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला, तेव्हा माणसं खाली असतानाच पूल रेल्वेचा की पालिकेचा यावर जुंपली होती. ते भांडण टेट्रावर झालं असतं तर आवाज स्वच्छ आला असता, एवढंच. साधा ‘वर्दी’ शब्द घे. मामांच्या तोंडी ‘वर्दी आली’ म्हणजे आगीची खबर आली. एनडीआरएफच्या हिंदी बोलणाऱ्या जवानाला वर्दी म्हणजे अंगावरचा गणवेश. आधी हे जुळवायचं, मग फ्रिक्वेन्सी. तुझ्या मेट्रोचा आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटरचा मार्ग जवळजवळ सगळा जमिनीखाली आहे. गिरगावच्या फलाटावर धूर झाला तर बंबवाल्याचा सेट खाली चालेल का, मेट्रोचा स्टेशन कंट्रोलर आणि पोलीस त्याचं ऐकतील का, आणि हे तिघांना एकत्र खाली उतरवून कधी तपासलंय, हा प्रश्न विचार. लंडनचं बटण राहू दे.

(हे मी ग्रुपवर टाकलं नाही. तिथे कोण एवढं वाचतंय.)

रात्री मामांना फोन केला. काळबादेवीच्या आगीचा विषय निघेल याची धास्ती होती. २०१५ला तिथल्या गोकुळ निवासात दलाच्या चार अधिकाऱ्यांचे जीव गेले, त्यावर मामा बोलत नाहीत, आणि भायखळ्याच्या माणसाला दलाबद्दल शहाणपण शिकवलं की त्यांचा आवाज बदलतो. पण ते खुशीत होते. म्हणाले, ‘तुझं ते मीथेन वाचलं. बरंय. आम्ही एवढंच विचारायचो, काय जळतंय, कुठं जळतंय, आत कोण आहे, आणि जवळची खूण.’

मी म्हटलं, ‘मामा, तुम्हीही मोबाईलचं उगाच लिहिलंत.’

‘पोराला जरा डिवचलं गं,’ ते हसले. ‘बरं, तुझ्या घराची वर्दी दे बघू.’

मी घराचा नंबर आणि पोस्टकोड सांगितला.

‘खूण?’

‘इथे खूण लागत नाही, मामा. पोस्टकोडवर कळतं.’

‘कळत असेल. पण शेजारी सांग. डावीकडे कोण राहतं?’

अकरा वर्षं झाली या घरात. त्यांच्या पांढऱ्या गाडीचा नंबर पाठ आहे, कुत्र्याचं नाव टेडी आहे, बिन्स ते नेहमी आदल्या रात्रीच लावतात.

‘ऐकू येतंय का गं?’ मामा विचारत होते.