बैलाच्या डोळ्यांवर धरलेला रुमाल

काल रात्री अंबाजोगाईहून साखरपुडा आटोपून आम्ही दोघे केजकडे परतत होतो. होळच्या अलीकडे समोरून एक मोटार आली. तिचे दोन्ही दिवे पांढरेफटक होते, खाली बंपरमधले फॉग लाईटही सुरू होते, आणि धुक्याचा तर मागमूस नव्हता. आभाळात चांदण्या स्वच्छ दिसत होत्या. मी तीनदा डिपर दिला, समोरून काहीच फरक पडला नाही. कदाचित त्यानेही दिला असेल, पण अशा बल्बांत अप्पर (दूरवर जाणारा झोत) आणि डिपर (खाली झुकलेला झोत) हा भेद समोरच्याच्या डोळ्यांपुरता उरलेलाच नसतो. काचेवर नुसता पांढरा पडदा आला. गाडी बाजूने निघून गेली आणि तोच पडदा काळा झाला. त्या काळोखातून उसाची ट्रॉली एकदम पुढ्यात उभी राहिली, मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेक कसा लागला ते मला आठवत नाही. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोके बॉनेटपासून हातभर अंतरावर होती, आणि पत्नी माझा दंड घट्ट धरून बसली होती.

ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता हा त्या ट्रॅक्टरवाल्याचा दोष आहेच, ते मी नाकारत नाही. पण ती ट्रॉली माझ्या साध्या दिव्यांत मला वेळेवर दिसली असती. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. दिपलेले डोळे सावरायला तीन सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात ५० मीटर रस्ता आपण आंधळेपणाने ओलांडतो, आणि वय वाढेल तसा हा वेळही वाढत जातो. मला आता साठावे लागले आहे.

घरी पोहोचलो तर अंगणात पुतण्याची गाडी उभी. तो उत्साहाने म्हणाला, "काका, जरा इकडं या, नवे बल्ब टाकलेत. दिवसासारखा उजेड पडतोय बघा." त्याने दिवे लावले. समोरच्या भिंतीवर, लिंबाच्या शेंड्यावर आणि पलीकडच्या घराच्या गच्चीवर, सगळीकडे तो थंड, निळसर पांढरा उजेड पसरला. मला इतका संताप आला की मी त्याच्याशी न बोलता आत निघून गेलो. आता दुपारी हे लिहितो आहे, तरी राग पुरता उतरलेला नाही.

या रागात माझ्या स्वतःच्या वाट्याचे काही आहे, म्हणून ते आधी सांगतो. "दिवसासारखा उजेड" हे शब्द वीस-बावीस वर्षांपूर्वी मीच वापरले होते. तेव्हा माझ्याकडे जुनी जीप होती. तिच्या ६०/५५ वॅटच्या (पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा) बल्बांच्या जागी मी १००/९० वॅटचे बल्ब बसवले आणि महिनाभर ते मोठ्या अभिमानाने मिरवले. पौषातल्या एका पहाटे कारखान्याच्या रस्त्याने जात असताना समोरून उसाची बैलगाडी आली. लाल कंधारी बैलांची जोडी होती. दिव्याच्या झोतात त्यांचे डोळे हिरवट चकाकले, आणि बैल जागच्या जागी थबकले. डावीकडचा मान झटकत मागे सरू लागला, गाडीचे चाक रस्त्याची कड सोडून बाजूच्या चारीत उतरू लागले. गाडीवान उडी मारून खाली आला. त्याने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्या बैलाच्या दोन्ही डोळ्यांवर हाताने धरला. दुसऱ्या हाताने तो त्याची मान थोपटत होता. मी दिवे बंद केले तेव्हा तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मालक, तुमाला समदं दिसतंय, माझ्या बैलायला काईच दिसंना."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मला वाटते, तो चिडून ओरडला असता तर मी हे केव्हाच विसरलो असतो.

आता दुकानदार जे सांगत नाहीत ते सांगतो. हेडलाईट म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्ब, त्यामागचा रिफ्लेक्टर आणि पुढची काच असे तिघांचे ते एकत्र काम आहे. एच-फोर हॅलोजन बल्ब हातात घेऊन नीट पाहा. आत दोन तारा असतात, आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, कारण तो रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडला तर उलटून वर, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्या इवल्याशा वाटीवर समोरच्याचा जीव अवलंबून असतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा तार नेमकी कुठे आहे ते धरून घडवलेला असतो. त्याच खोबणीत एलईडीचा बल्ब बसवला की प्रकाशाचे ठिकाण आणि आकार दोन्ही बदलतात, आणि उजेड रस्त्यावर पडायचा सोडून चहूकडे उधळतो. कंपनीतूनच एलईडी किंवा प्रोजेक्टर दिवे घेऊन आलेल्या गाड्यांविषयी माझी तक्रार नाही, त्या दिव्यांची घडणच तशी केलेली असते. माझी तक्रार आहे ती एका दिव्याच्या घरात दुसराच दिवा कोंबण्याविषयी.

जास्त वॅटचे हॅलोजन बल्ब टाकणाऱ्यांनीही ऐकावे. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो, १०० वॅटचा ८ अँपिअरच्या वर. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे ती जवळजवळ तिप्पट होते. माझ्या जीपमध्ये महिनाभरानंतर बल्बचा होल्डर वितळून काळा पडला होता आणि स्विचला जळका वास येत होता. त्या गाडीवानाने मला काही बोलण्याच्या आधीच माझी गाडी मला ते सांगत होती.

फॉग लाईटची गोष्ट तर अधिकच चीड आणणारी आहे. ते खाली बसवलेले असतात आणि त्यांचा झोत रुंद व चपटा असतो, तो धुक्याच्या खालून रस्त्याची कड दिसावी म्हणून. वरून पडलेला प्रखर उजेड धुक्याच्या थेंबांवरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून ही योजना. आपल्या मराठवाड्यात दाट धुके वर्षातल्या मोजक्या सकाळी पडते. मग बीडपासून लातूरपर्यंत, कोरड्या ठणठणीत रात्री हे दिवे कशासाठी लावलेले असतात? उलट, गाडीच्या नाकासमोरचा रस्ता फार उजळला की डोळे त्या उजेडाला सरावतात आणि दूरचे अंधारातले कमी दिसू लागते. म्हणजे चालवणाऱ्याला वाटते की आपल्याला जास्त दिसते आहे, आणि प्रत्यक्षात तो दूरचे गमावत असतो.

कायदाही या बाबतीत मुका नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ वाहनात परस्पर बदल करू देत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०६ वा नियम सांगतो की दिव्याचा झोत खाली झुकलेला असावा, इतका की ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला तो दिपवणार नाही. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या मनात माणूस आला नाही. जुवाखाली मान वर करून उभा असलेला तो बैल आला. त्याचे डोळे जवळपास त्याच उंचीवर होते.

पुतण्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही, हेही लिहिले पाहिजे. आपल्याकडच्या कित्येक रस्त्यांवर पांढरे पट्टे नाहीत, वळणाच्या पाट्या नाहीत, आणि कंपनीचे पिवळसर दिवे पावसात अपुरे पडतात. त्याला रात्री-अपरात्री परळीहून कामावरून परतावे लागते, आणि त्याची काळजी मलाही आहे. राग त्याच्यावर नव्हता, हे त्याला सांगायचे राहिले. पण पावसाळी रात्री ओल्या डांबरावर तो निळसर पांढरा उजेड जणू शोषला जातो आणि समोरच्या सरींवरूनच परततो, हे त्याला येत्या मृगात कळलेच असते.

त्याच्या गाडीला खरोखर काय हवे होते ते मी आज सकाळी पाहिले. हेडलाईटच्या प्लॅस्टिकच्या काचा उन्हाने पिवळ्या आणि धुरकट झाल्या आहेत. त्या घासून पॉलिश केल्या तरी पुष्कळ उजेड मोकळा होईल. रिले (दिव्याचा प्रवाह स्विचमधून न नेता थेट बॅटरीतून देणारा छोटा खटका) टाकून बॅटरीपासून जाड तार ओढली तर त्याच ६०/५५ च्या बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळेल. आणि फोकस! त्याच्या डाव्या दिव्याचा फोकस इतका वर गेला आहे की तो लिंबाच्या झाडाची राखण करतो. मागच्या सीटवर चार माणसे किंवा डिकीत पोती असली की गाडीचे नाक उचलले जाते, म्हणून झोत खाली आणायला स्टिअरिंगच्या बाजूला आकड्यांची छोटी चकती दिलेली असते. ती किती जण फिरवतात?

उद्या सकाळी मी आणि पुतण्या मोंढ्याच्या मागच्या सपाट जागेत, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करणार आहोत. दिव्याच्या उंचीवर खडूने एक रेघ, तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी, आणि डिपरचा वरचा काठ त्या खालच्या रेघेवर येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. हे ठरवताना मी त्याला गाडीवानाची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने विचारले, "काका, बैल सावरला का?" सावरला. गाडीवानाने तोंडाने चुचकारत, रुमाल तसाच धरून, त्याला चार पावले पुढे आणले, चाक रस्त्यावर घेतले, आणि मगच रुमाल काढला.

बल्बचा खोका पुतण्याने फेकलेला नाही, पावतीही आहे. दुकानदार परत घेतो का, ते उद्या भिंतीवरून थेट त्याच्याकडे जाऊन पाहणार आहोत.