पुढची तारीख कोण देणार?

दर ऑक्टोबरात, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या जनजागृती महिन्यात, आणि महिला दिनाच्या सुमारास नातलगांच्या ग्रुपवर तोच वाद रंगतो. कुणी म्हणतं, इंग्लंडात सरकार बायकांना घरी पत्र पाठवून मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) करून देतं, मग आपल्याकडे चाळिशीनंतर प्रत्येकीला तो का मिळू नये? त्यावर उत्तर येतं, हे श्रीमंत देशांचे चोचले, आधी साध्या गोष्टी नीट होऊ द्या. तेवढ्यात इकडे इंग्लंडात राहणारी मुलं आईच्या नावाने पुण्या-नाशिकच्या लॅबचं ‘पॅकेज’ ऑनलाइन भरतात आणि निश्चिंत होतात. इथे राहून ही व्यवस्था जवळून पाहताना एक गोष्ट ठळकपणे दिसते: वाद यंत्रावरून चालतो, आणि बाई वाचते ती यंत्राच्या आधी आणि नंतर घडणाऱ्या गोष्टींमुळे.

इंग्लंडात १९८८ पासून ही योजना चालू आहे. वयाच्या ५० पासून ७१व्या वाढदिवसापर्यंत दर ३ वर्षांनी बोलावणं येतं. यादी जीपीकडच्या (इथल्या फॅमिली डॉक्टरकडच्या) नोंदणीवरून निघते. पहिलं पत्र पन्नाशीच्या वाढदिवसालाच येईल असं नाही, ५३ पर्यंत कधीही येतं. प्रत्येक स्तनाचे दोन फोटो घेतात, एक वरून खाली आणि एक काखेच्या बाजूने तिरका. फोटो दोन तज्ज्ञ वेगवेगळे पाहतात. साधारण २ आठवड्यांत पत्राने निकाल कळतो. १०० जणींपैकी ४ जणींना पुन्हा बोलावतात, आणि त्या चौघींपैकी एकीला कॅन्सर निघतो. उरलेल्या तिघींचा जीव काही दिवस टांगणीला लागतो, पण जादा फोटो, सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुईची बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणं) एकाच केंद्रात होते, ‘आता कुठे जाऊ’ हा प्रश्न त्यांना पडत नाही.

योजनेचा तोटाही इथे लपवत नाहीत. २०१२ च्या स्वतंत्र समितीने हिशोब मांडला होता: या तपासणीमुळे ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे १,३०० जीव वाचतात, आणि सुमारे ४,००० बायकांना असा कॅन्सर सापडतो, जो न सापडता तरी त्यांना आयुष्यभर त्रास देणार नव्हता. त्यांच्यावर शस्त्रक्रिया, रेडिएशन सगळं होतं. हा हिशोब बोलावण्यासोबतच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, बाईने तो वाचून हो किंवा नाही म्हणायचं. आपल्याकडच्या पॅकेजच्या जाहिरातीत ही ओळ दिसायला हवी.

मग हीच योजना उचलून महाराष्ट्रात का नेऊ नये? कारण आकडे बदलतात. भारतात स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण ब्रिटनच्या सुमारे एक तृतीयांश आहे. म्हणजे तितक्याच बायकांचे तितकेच फोटो काढले, तर सापडणारे कॅन्सर कमी आणि विनाकारण धास्तावलेल्या बायका मात्र जवळपास तेवढ्याच. शिवाय आपल्याकडे हा आजार सरासरी दहाएक वर्षं आधी गाठतो. कमी वयात स्तनाची घडण दाट असते. मॅमोग्रामवर दाट भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरी, त्यामुळे ती लपून जाते.

म्हणून या वादात मुंबईतला एक अभ्यास पहिल्यांदा यायला हवा, आणि तोच सहसा राहून जातो. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका २० वर्षं पाठपुराव्यात ठेवल्या. निम्म्या जणींची दर २ वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी हाताने तपासणी केली, अशा चार फेऱ्या झाल्या. यंत्र नव्हतं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पुढच्या टप्प्यात सापडणाऱ्या कॅन्सरचं प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के होतं, तर झालेल्या गटात ३७, आणि ५० च्या पुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणीच्या गटात जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आत मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

मात्र हाताची तपासणी म्हणजे ब्लाउजवरून दोनदा दाबून ‘काही नाही’ म्हणणं नव्हे. आधी बाईला कंबरेपर्यंत उघडं बसवून नुसतं पाहायचं: हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून. कुठे खळी पडते का, स्तनाग्र आत ओढलंय का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते का. मग काख आणि गळपट्टीच्या हाडाची वरची बाजू चाचपायची. त्यानंतर उताणं झोपवून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, नाण्याएवढी वर्तुळं काढत, एकाच जागी आधी हलका, मग मध्यम, मग फासळीपर्यंत पोचेल असा दाब. काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत उभ्या पट्ट्या, एकही न सोडता. एका बाजूला तीन मिनिटं तरी लागतातच. चिमटीत धरून पाहणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण चिमटीत धरलं की निरोगी ग्रंथीही गाठीसारखी लागते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची अशी तपासणी ५ वर्षांतून एकदा व्हायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ही तपासणी कधीही झालेल्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही! आशाताई दारी जाऊन फॉर्म भरतात, पण पुढे तपासायला हात आणि आडोसा असलेली खोली लागते. आणि गाठ लागली तर? ‘तालुक्याला दाखवा’ एवढं सांगून भागत नाही. कापणी आली, मुलीचं लग्न ठरलं, गाठ तर दुखत नाही, मग बाई ती अंगावर काढते. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ याच समजुतीपायी महिने जातात. तिच्या हातात तारीख, जागा आणि माणसाचं नाव लिहिलेली चिठ्ठी हवी, आणि ती आली नाही तर कुणीतरी फोन करायला हवा. मॅमोग्रामच्या मोबाइल व्हॅनवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक होते ती गाठ सापडल्यावर. घाईने ‘काढून टाकू’ म्हणून गाठ कापली जाते, तपासणीला नीट जात नाही, आणि नंतर कॅन्सरच्या डॉक्टरांना मूळ आकारही कळत नाही. क्रम ठरलेला आहे: हाताने तपासणी, मग मॅमोग्राम किंवा सोनोग्राफी, मग जाड सुईने बायोप्सी, आणि त्यानंतरच शस्त्रक्रियेचा विचार. बायोप्सीचा तुकडा लगेच फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा, नाहीतर हॉर्मोन रिसेप्टर आणि ‘हर-टू’ या कॅन्सरच्या पेशींवरच्या खुणांचे निकाल चुकू शकतात, आणि औषधं त्यावरच ठरतात.

तेव्हा आईसाठी पॅकेज भरणाऱ्यांनी लॅबला आधी विचारावं: फोटो कोण वाचणार? रिपोर्टवर बायरॅड्सचा आकडा (मॅमोग्राममध्ये कॅन्सरचा संशय किती, हे सांगणारी श्रेणी) असेल का? (शून्य आला तर घाबरू नका, त्याचा अर्थ आणखी फोटो हवेत एवढाच. ४ किंवा ५ आला तर बायोप्सी.) बायोप्सीची सोय कुठे आहे? आईला गाठ लागतेय आणि मॅमोग्राम नॉर्मल आला, तर तिथे थांबू नका, गाठीचं उत्तर मिळेपर्यंत तपास चालू राहायला हवा.

आणि इथे राहणाऱ्या आपल्या बायकांसाठी. घर बदललं की जीपीला पत्ता कळवा, नाहीतर पत्र जुन्या फ्लॅटवर जातं. आलेल्या तारखेला जमत नसेल तर फोन करून बदलून मिळते. फोटो घेणाऱ्या सगळ्या बायकाच असतात. मंगळसूत्र काढावं लागतं, दोन भागांचे कपडे बरे, आणि त्या दिवशी पावडर किंवा डिओडरंट लावू नका, त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. दाब काही सेकंदच असतो. ७१ नंतर पत्र येणं थांबतं, पण तपासणीचा हक्क थांबत नाही, केंद्राला फोन करून वेळ मागता येते. आणि दोन पत्रांच्या मधल्या ३ वर्षांत नवी गाठ लागली, तर पुढच्या पत्राची किंवा भारतवारीची वाट न बघता त्याच आठवड्यात जीपीला फोन करा.